रात्री पायी चालताना आजूबाजूला लक्ष कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रात्रपाळी करते आणि सुटल्यावर बहुतेक वेळा चालतच घरी येते, बरीच वर्षं झाली आता. त्यामुळे मैत्रिणी, त्यांच्या लेकी, नवीन कामाला लागलेली पोरंपोरी, सगळे मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच ठेवावं. माझं सांगणं तसं एकच आहे, की रात्री चालताना लवकर कळणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट, ताकद नि हत्यार वगैरे सगळं नंतरचं. आपण साधारण तासाला ५ किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, म्हणजे एखादी गोष्ट चार सेकंद आधी कळली तर तेवढ्यात साडेपाच मीटर सरकता येतं, छोटा रस्ता ओलांडून पलीकडे जाता येतं. आणि तेच चार सेकंद उशिरा कळली तर वीस मीटरवरून धावत सुटलेला माणूस तोवर तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. खालचं सगळं त्या चार सेकंदांसाठी आहे.

लक्ष ठेवायचं म्हणजे सतत घाबरून चालायचं का?

अजिबात नाही, उलट घाबरलेल्या माणसाला कमीच दिसतं, त्याची नजर एकाच जागी खिळते आणि बाकीचं सगळं निसटतं. जेफ कूपर नावाच्या एका अमेरिकन प्रशिक्षकाने यासाठी रंगांची एक सोपी पद्धत सांगितली होती, पांढरा म्हणजे पूर्ण गाफील, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे एका ठरावीक गोष्टीवर लक्ष गेलंय, आणि लाल म्हणजे आता कृती करायची वेळ. रात्री चालताना पिवळ्यात राहायचं, बस. पिवळ्यात माणूस तासन्‌तास राहू शकतो, दमत नाही, गाणं गुणगुणत पण राहू शकतो. नारिंगीत मात्र सारखं राहिलं की थकवा येतो, आणि थकलेला माणूस परत पांढऱ्यात जातो.

मिका एन्डस्ली या संशोधक बाईंनी १९९५ साली हीच गोष्ट तीन पायऱ्यांत मांडली: दिसणं, त्याचा अर्थ लागणं, आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं. आपलं बहुतेकांचं पहिल्या पायरीवरच थांबतं. समजा पुढे रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी आहे, एवढं दिसलं. पण इंजिन चालू आहे, दिवे बंद आहेत आणि आत दोन माणसं बसलीयेत, ही दुसरी पायरी. आणि मी त्या गाडीला घासून जाणाऱ्या फुटपाथवरून गेले तर दार उघडायला त्यांना एक सेकंद लागेल, तेव्हा आत्ताच पलीकडच्या बाजूला जावं, ही तिसरी. त्या गाडीतले लोक शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुणाची तरी वाट बघत बसलेले साधे लोक असतात, पण रस्ता ओलांडायला आपल्याला काय खर्च येतो?

फोन बघत चाललं तर खरंच इतकं काय बिघडतं? मला तर समोरचं दिसत असतं.

दिसत असतं असं वाटतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या चौकात आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१० साली तो छापून आला. रंगीबेरंगी कपडे घातलेला विदूषक एका चाकाच्या सायकलवर चौकात फिरत ठेवला आणि तिथून चालत गेलेल्या लोकांना नंतर विचारलं, की सायकलवरचा विदूषक बघितला का. एकटे, काही हातात न घेता चाललेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी बघितला होता. फोनवर बोलत चाललेल्यांपैकी चौघांतल्या एकाने. आणि हे भर दिवसा, आणि फोनवर नुसतं बोलताना बरं का, स्क्रीनकडे बघताना नाही.

रात्री त्यात अजून दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे स्क्रीनच्या उजेडाने डोळे अंधाराला सरावलेले असतात ते बिघडतात. दुसरी म्हणजे काळोखात तुमचा चेहरा त्या निळसर उजेडात लांबून दिसतो, तुम्हाला कुणी दिसत नाही पण तुम्ही सगळ्यांना दिसता, आणि हातात काय आहे तेही दिसतं. मेसेज करायचाच असेल तर उजेडाच्या जागी, पाठीमागे भिंत घेऊन थांबा, काम उरका, फोन खिशात टाका, मग चाला. थांबून बघणं आणि चालता चालता बघणं यात फार फरक आहे.

अंधारात डोळे सरावायला किती वेळ लागतो?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त. डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकुपेशी उजेडात आणि रंगांसाठी, आणि दंडपेशी अंधुक उजेडासाठी. शंकुपेशी साठेक लाख आणि दंडपेशी बारा कोटींच्या आसपास, म्हणजे रात्रीची सोय निसर्गाने भरपूर केलेली आहे. पण उजेडातून अंधारात आल्यावर शंकुपेशी दहाएक मिनिटांत स्थिरावतात, आणि दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि ही तीस मिनिटांची कमाई फोनच्या किंवा हेडलाइटच्या एका झोताने काही सेकंदांत जाते.

म्हणून झगझगीत उजेडाच्या इमारतीतून थेट अंधाऱ्या रस्त्यावर पाऊल टाकू नका. दाराच्या बाहेर दोन मिनिटं थांबा, बॅग नीट करा, बुटाची लेस बघा, तेवढ्यात सुरुवातीचा सगळ्यात मोठा फरक पडलेला असतो. मी स्वतः दारातून बाहेर आल्यावर आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघते आणि मगच पायऱ्या उतरते, कारण त्या पहिल्या मिनिटात आपण जवळजवळ आंधळे असतो. समोरून हेडलाइट आला तर त्याच्याकडे बघू नका, नजर रस्त्याच्या कडेला खाली ठेवा, किंवा एक डोळा मिटून घ्या, गाडी गेली की तो मिटलेला डोळा अजून अंधाराला सरावलेलाच असतो.

सरळ बघितलं की काहीच दिसत नाही आणि नजर हलवली की कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, हे मलाच होतं का?

सगळ्यांना होतं, आणि ते भास नसतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या अगदी मधल्या ठिकाणी दंडपेशी नसतातच, तिथे फक्त शंकुपेशी असतात, म्हणून मिट्ट काळोखात टक लावून बघितलेली गोष्ट गायब होते. आकाशातल्या अंधुक चांदण्या बघणारे लोक मुद्दाम थोडं बाजूला बघतात ते यासाठीच. झाडाखाली काही हललं असं वाटलं तर त्याच्या किंचित बाजूला बघा, जास्त नीट दिसेल. रात्री लाल रंग जवळजवळ काळा दिसतो हेही लक्षात असू द्या, लाल जॅकेट घातलं म्हणजे आपण उठून दिसतो असं नाही.

टॉर्च लावून चालावं का?

रस्त्यावर दिवे असतील तर नको. टॉर्चने समोरचा एक गोल उजळतो आणि त्याच्या बाहेरचं सगळं अजून काळं होतं, म्हणजे पायाखालचं दिसतं आणि बाजूचं हरवतं. पण जिथे खड्डे, उघडी गटारं, तुटक्या पायऱ्या आहेत तिथे मात्र लावा, कारण खरं सांगायचं तर रात्री चालणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान माणसांपेक्षा पडण्याने आणि गाड्यांनी होतं. झोत खाली, दोन-तीन पावलं पुढे ठेवायचा. लाल उजेडाची टॉर्च मिळाली तर उत्तम, दंडपेशींना लाल उजेड फारसा कळत नाही त्यामुळे डोळ्यांचा सराव मोडत नाही.

एकाच कानात इअरफोन घातला तर चालेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही. नाही चालणार.

आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला पोचायला किंचित उशीर होतो, जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतकाच, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान बंद केलात की आवाज ऐकू येतो पण कुठून ते कळत नाही, आणि रात्री ‘कुठून’ हाच तर मुद्दा असतो.

वर सांगितलेल्या विदूषकाच्या प्रयोगात गाणी ऐकत चाललेल्यांना विदूषक बऱ्यापैकी दिसला होता, साठ टक्क्यांच्या वर, त्यामुळे गाण्याने डोळे बंद होतात असं मी म्हणणार नाही. पण विदूषक समोर होता. मागून येणारं डोळ्यांना दिसत नाही, ते कानांचंच काम.

माझ्याबरोबर झालेलं सांगते. एका कानात गाणं, आवाज अगदी हळू, मोकळा रस्ता, दुपदरी. मी एक खड्डा चुकवायला अर्धं पाऊल उजवीकडे टाकलं आणि त्याच क्षणी एक इलेक्ट्रिक स्कूटर माझ्या कोपराला घासून गेली, बॅगेचा पट्टा तिच्या आरशात अडकून तुटला आणि मी गुडघ्यावर पडले. चालवणारा मुलगा थांबला, बिचारा माझ्याहून जास्त घाबरला होता, म्हणाला ताई मी हॉर्न दिला होता. दिला होता खरा, मला आठवतंय मला हॉर्न ऐकू आला होता, पण मला वाटलं तो डावीकडच्या गल्लीतून आला. तेव्हापासून इअरफोन बॅगेत.

इलेक्ट्रिक गाड्यांचं तर वेगळंच आहे, कमी वेगात त्यांचा आवाजच येत नाही. म्हणून युरोपियन युनियनने २०१९ पासून नव्या मॉडेलच्या आणि २०२१ पासून सगळ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज काढायची सक्ती केली, पण तो नियम चारचाकींसारख्या मोठ्या वाहनांचा, दुचाकी त्यात नाहीत. तेव्हा ओलांडण्याआधी कानोसा घेतला तरी मान वळवून बघणं सोडू नका.

बाहेरचा आवाज आत सोडणारे किंवा हाडातून ऐकवणारे हेडफोन आहेत, ते त्यातल्या त्यात बरे. पण तेव्हाही पॉडकास्ट नको, कारण कान मोकळे असले तरी डोकं गोष्टीत असतं.

रात्री लांबचे आवाज एकदम जवळ का वाटतात?

रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची थोडी गरम राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबवर पोचतो. शिवाय दिवसाचा गोंगाट नसतो. त्यामुळे पावलांचा आवाज आला म्हणजे माणूस अगदी पाठीशीच आहे असं समजून दचकू नका.

मागून चाहूल लागली तर वळून बघावं का? उद्धटपणा वाटतो.

बघा. बिनधास्त बघा. पूर्ण मान वळवून, दोन सेकंद, आणि परत पुढे. साधा माणूस असेल तर त्याला काही वाटत नाही, आणि वाईट हेतूचा असेल तर त्याला कळतं की या बाईने आपल्याला पाहिलंय, आपला चेहरा तिच्या लक्षात राहील. चोरून, खांद्यावरून अर्धवट बघणं हे मात्र घाबरल्यासारखं दिसतं आणि दिसतही काही नाही.

न वळता कळायचे पण मार्ग आहेत. बंद दुकानांच्या काचा, उभ्या गाड्यांच्या खिडक्या, पावसानंतरचा ओला रस्ता. आणि सावल्या. हे मला एकदा लक्षात आलं आणि मग मी विसरूच शकले नाही: दिव्याचा खांब मागे पडला की आपली सावली पुढे पडते आणि दर पावलाला लांब होत जाते. मागून कुणी त्याच दिव्याच्या अलीकडे आपल्या जवळ आलं की त्याच्या सावलीचं डोकं हळूच आपल्या पायाशी येतं, माणूस स्वतः अजून तीन-चार मीटर मागे असतानाच. आपल्या पावलांशी न जुळणारी सावली पायाजवळ डोलताना दिसली की कुणीतरी अगदी जवळ आहे. मी तिथेच बाजूला होऊन थांबते आणि त्यांना पुढे जाऊ देते, आजवर प्रत्येक वेळी ते घाईत असलेलं कुणीतरी निघालंय.

पाठलागच होतोय हे नक्की कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं?

एकाच रस्त्याने दोघं जण जाणं हा पाठलाग नाही, तेव्हा आधी काहीतरी बदलून बघायचं. रस्ता ओलांडा. तोही ओलांडतो का? वेग कमी करा. तो पुढे जातो की तोही हळू होतो? एकदा झालं तर योगायोग असू शकतो, दुसऱ्यांदाही झालं तर माझ्या मते विचार करत बसू नका. एकाच बाजूला चार वळणं घेतली की आपण परत जिथून निघालो तिथे येतो, त्या वाटेने मागे राहणाऱ्या माणसाकडे कुठलंच साधं कारण उरत नाही, पण हे फक्त गजबजलेल्या, उजेडाच्या भागात करा, अंधाऱ्या बोळांत फेऱ्या मारू नका.

मग घरी जायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात आधी विसरलं जातं, कारण घाबरलं की पाय आपोआप घराकडेच वळतात. त्याला तुमचं घर दाखवू नका. जिथे माणसं आहेत, दिवे आहेत तिकडे जा, रात्रभर उघडी असलेली कुठलीही जागा, हॉस्पिटल, पेट्रोल पंप, हॉटेलचं रिसेप्शन, आणि आत शिरून काउंटरवरच्या माणसाला सरळ सांगा की कुणीतरी माझ्या मागे येतंय. चालत असतानाच फोन लावा आणि मोठ्याने बोला, मी अमुक ठिकाणी आहे, मागे निळ्या शर्टातला माणूस आहे. गाडीतून कुणी पाठीशी असेल तर उलट दिशेने वळून चालायला लागा, गाडीला वळायला वेळ लागतो, तुम्हाला नाही.

आणि नंतर कळलं की तो माणूस खरंच आपल्या घरी चालला होता, तर? तर काहीही नाही. लाज वाटायचं कारणच नाही. मनात पाल चुकचुकते तेव्हा मेंदूने काहीतरी टिपलेलं असतं, फक्त त्याला अजून शब्द सापडलेले नसतात.

निघण्याआधी काय करायचं?

एकाला तरी सांगायचं की मी निघाले आणि अमुक वाजेपर्यंत पोचेन. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास शेअर करता येतं, मी १ तासाचं ठेवते. पण नुसतं शेअर करून उपयोग नाही, समोरच्याने ते बघायचंय हे त्याला माहीत पाहिजे आणि मी वेळेत पोचले नाही तर काय करायचं हेही ठरलेलं पाहिजे. फोन चार्ज. घराची किल्ली बॅगेच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात. बॅग रस्त्याकडच्या बाजूला नाही, भिंतीकडच्या बाजूला. एक हात कायम मोकळा.

जवळचा अंधारा रस्ता की लांबचा उजेडाचा?

लांबचा. दहा मिनिटं जास्त चाला. पण नुसता उजेड बघू नका, माणसं बघा. एकच झगझगीत दिवा आणि बाजूला काळी कुंपणं, अशा जागेपेक्षा मंद पण एकसारखा उजेड चांगला, कारण प्रखर दिव्याखाली आपण उघडे पडतो आणि त्याच्या बाजूच्या सावलीत कोण आहे ते आपल्याला दिसत नाही. ज्या रस्त्याला घरांच्या खिडक्या आहेत तो रस्ता लांबलचक भिंत असलेल्या रस्त्यापेक्षा बरा.

रोजचा रस्ता एकदा दिवसा मुद्दाम चालून बघा. कुठल्या फाटकामागे जागा आहे, कुठे दोन्ही बाजूंनी अडकायला होतं, कुठली जागा उशिरापर्यंत उघडी असते. मी चालताना मनात ठेवते की आत्ता काही झालं तर पळायचं कुठे, आणि दर दोन मिनिटांनी ते उत्तर बदलतं. आणि कोपऱ्यावर भिंतीला घासून वळू नका, मोठा फेर घेऊन वळा, म्हणजे पलीकडे कोण आहे ते आधी दिसतं.

गाडीवाल्याला मी दिसते ना?

तुम्हाला वाटतं तितक्या लांबून नाही. तुम्हाला गाडीचे दिवे अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात म्हणून वाटतं की त्यालाही आपण दिसलो, पण गडद कपड्यातला माणूस खालच्या झोतात फारच जवळ आल्यावर दिसतो. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला १४ मीटर कापते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो, मग गणित तुम्हीच करा.

पांढरे कपडे थोडे बरे, पण खरा फरक उजेड परत फेकणाऱ्या पट्ट्यांनी पडतो, आणि त्याही छातीवर नको, घोट्यांवर, गुडघ्यांवर, मनगटांवर लावा. कारण मजेदार आहे. गुन्नार योहान्सन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की पूर्ण अंधारात माणसाच्या सांध्यांवर नुसते दिव्याचे ठिपके लावले आणि तो चालायला लागला की बघणाऱ्याला क्षणात कळतं हा माणूस आहे, तेच ठिपके स्थिर असले तर काहीच कळत नाही. छातीवरची पट्टी लांबून एखाद्या पाटीसारखी वाटते, पायावरची हलणारी पट्टी म्हणजे माणूसच.

फुटपाथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला, म्हणजे गाड्या डावीकडून धावत असतील तर तुम्ही उजव्या कडेने. १९६८ च्या व्हिएन्ना कराराच्या वाहतुकीच्या नियमांतही वस्तीबाहेरच्या रस्त्यासाठी हेच आहे.

चालण्याच्या ढबीने खरंच फरक पडतो का?

पडतो असं दिसतं. बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन यांनी १९८१ मध्ये रस्त्यावरून चालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तुरुंगातल्या हल्लेखोरांना दाखवले आणि विचारलं, यातला कुणाला गाठणं सोपं. त्यांची उत्तरं बरीच जुळली, आणि ती चालण्याच्या लयीवरून होती, फार लांब किंवा फार आखूड पावलं टाकणारे, अंग आणि पाय वेगवेगळे चालल्यासारखी चाल असलेले लोक त्यांना सोपे वाटले. तेव्हा पावलं आपल्या नेहमीच्या मापाची, हात मोकळे, मान वर. पण हे नीट ऐका, कुणी कसंही चाललं तरी हल्ला झाला तर चूक हल्ला करणाऱ्याचीच. थकलेल्या माणसाने पाय ओढले म्हणून तो दोषी होत नाही.

किल्ल्या बोटांच्या मध्ये धरून चालायचं असं सगळे सांगतात…

मी नाही सांगणार. मुठीत अशा धरलेल्या किल्ल्या ठोसा मारताना घसरतात आणि स्वतःचीच बोटं सोलवटतात. किल्ली हातात ठेवा ती दार पटकन उघडायला. मिरचीचा स्प्रे बऱ्याच ठिकाणी चालतो, काही देशांत बंदी आहे, आधी कायदा बघा, आणि वारा समोरून असेल तर तो आपल्याच डोळ्यांत येतो. शिट्टी किंवा आवाजाचा छोटा अलार्म मला जास्त आवडतो, वापरायला शिकावं लागत नाही. पण जे काही असेल ते हातात किंवा खिशात, बॅगेतली वस्तू म्हणजे नसल्यातच जमा.

अनोळखी माणसाने थांबवून वेळ किंवा पत्ता विचारला तर?

चालता चालता, दोन हात अंतर ठेवून, ‘माहीत नाही हो’ एवढं पुरे. वेळ सांगायला फोन बाहेर काढू नका. तो बोलत असताना दुसरा कुणी बाजूने येतोय का तेवढं बघा, कारण एकाने बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने हात मारायचा ही जुनी पद्धत आहे. खरंच अडचणीत असलेला माणूस वाटला तर लांबूनच त्याच्यासाठी फोन लावून देता येतो, माणुसकी सोडायची नाहीये.

फोन किंवा पैसे मागितले तर?

देऊन टाका. त्याच्या हातात न देता थोडं लांब फेका आणि उलट दिशेने पळा.

मदत मागायची झाली तर नुसतं ओरडून लोक येतात का?

गर्दीत असाल तर बहुतेक जण दुसरा कुणीतरी जाईल म्हणून थांबतात. डार्ली आणि लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हे मोजलं होतं: दुसऱ्या खोलीत कुणालातरी झटका आल्याचं ऐकू आलं, तेव्हा आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो बोलत असतानाच मदतीला उठले, आणि अजून चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. म्हणून एकाला धरा. ‘ओ पिवळी टोपी, तुम्ही, पोलिसांना फोन लावा!’ असं बोट दाखवून म्हटलं की त्या माणसाला ते टाळता येत नाही.

११२ हा नंबर युरोपियन युनियन, भारत आणि इतर बऱ्याच देशांत चालतो. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल जातो, पण सेटिंगमध्ये ते चालू आहे का ते आज घरी बसून बघा. कॉल लागला की आधी जागा सांगा, मग काय झालं ते. मध्येच फोन कट झाला तरी जागा तरी पोचते.

रात्री कुत्री अंगावर येतात, काय करू?

पळू नका, पळालं की ती मागे लागतातच. थांबा, डोळ्यांत डोळे घालू नका, हात अंगाशी, बॅग आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून हळूहळू बाजूने सरका, पाठ दाखवू नका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच रात्री डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा.

वय झालंय, रात्री पूर्वीसारखं दिसत नाही.

वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंगही पिवळसर पडतं, त्यामुळे डोळ्याच्या आत उजेडच कमी जातो, ते काही तुमच्या मनाचं नाही. आईबाबांबरोबर चालताना तुम्हाला दिसलेली पायरी त्यांना दिसली असेल असं धरून चालू नका, ‘पुढे पायरी आहे’ असं बोलून दाखवा. आणि अचानक रात्रीचं दिसणं कमी झालं तर डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता, दोन्हीवर उपाय आहे.

मी पुरुष आहे. रात्री पुढे एकटी बाई चालत असते आणि मला उगाच अपराधी वाटतं. मी काय करू?

हा प्रश्न विचारलात याबद्दल आधी मनापासून थँक्स. सगळ्यात सोपं म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जा. ते जमत नसेल तर थोडं थांबून अंतर वाढू द्या, किंवा घरी फोन लावून साध्या आवाजात बोला, बोलणारा माणूस कमी भीतीदायक वाटतो. घाईने पुढे जायचं असेल तर लांबूनच मोठा फेर घेऊन जा, अगदी जवळून पळत जाऊ नका. ‘घाबरू नका’ असं मागून म्हणू नका, त्याने अजून धस्स होतं. आणि तिने वळून बघितलं तर वाईट वाटून घेऊ नका, तिच्या मनात तुमच्याबद्दल काही नाहीये, ती फक्त घरी पोचायचं बघतेय.

ग्रुपमध्ये असलं की हे सगळं नाही केलं तरी चालतं ना?

बरंच सोपं होतं हे खरं, विदूषकसुद्धा जोडीने चाललेल्यांनाच सगळ्यात जास्त दिसला होता, ७१ टक्के. पण चौघं गप्पांत रंगली आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय, तर कुणीच बघत नसतं. आम्ही एकीला मागे आणि एकीला पुढे बघायला सांगतो, चालू गप्पांतच. आणि सगळ्यात शेवटी जिचं घर येतं तिला सोडायचं कसं हे आधीच ठरवतो, कारण ग्रुप फुटल्यानंतरचा तो शेवटचा तुकडा तिने एकटीनेच चालायचा असतो.

घराच्या गल्लीत शिरलं की झालं ना?

तिथेच तर सगळे सैल सोडतात. ओळखीचा रस्ता आला की मेंदू बघणं बंद करतो, हात बॅगेत किल्ली शोधायला जातो आणि पाठ रस्त्याकडे होते. किल्ली गल्लीच्या तोंडाशीच हातात घ्या. जिन्याचा किंवा लिफ्टचा आतला भाग आधी बघा, मग पाऊल टाका, लिफ्टमध्ये कुणाबरोबर जावंसं वाटत नसेल तर ‘तुम्ही जा, मी नंतर येते’ म्हणा. दार उघडण्याआधी एकदा मागे वळून बघा. आत गेलात, कडी लावलीत, की लाइव्ह लोकेशन बंद करा आणि जिला ‘निघाले’ म्हणून कळवलं होतं तिला ‘पोचले’ असा मेसेज टाका, ती जागी बसलेली असते.